कवठाच्या घरचं फळ

मावशी,

तू आलीस तेव्हा तुला हेच म्हणायचं, असं नानांनी सांगितलं होतं. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि माझ्या वडिलांनी, नानांनी, तुझ्याशी दुसरं लग्न केलं होतं. पिंप्राळ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत तू धुळ्याहून एक ट्रंक आणलीस आणि वाळवलेल्या पानांचे गठ्ठे. तू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचीस. मी तुझ्याशी बोलत नसे. बोलले तर आईला विसरेन, असं वाटायचं. माझ्याजवळ तिचं थोडंच उरलं होतं. ती गूळ घालून कवठ खायची, एवढं नक्की होतं.

ऐंशीनंतरचा कुठलासा उन्हाळा. दुपारी तू फळं कापून फरशीवर मांडतेस, मी दारात उभी. माझ्याकडे न बघता तू बोलतेस. डांगर, टरबूज, काकडी, कारलं एका घरची; त्यांचे वेल जमिनीवर पसरतात, हाताला लागेल ते धरतात. आंबा, काजू, बिब्बा सख्खे. तिघांचाही चीक अंगावर उठतो, आंब्याचा जरा कमी. केळं एकटं, बी विसरून गेलेलं. पंखा फिरत राहतो. फळं एकमेकांकडे तोंड करून बसल्यासारखी दिसू लागतात. 'फळावर जाऊ नये,' तू म्हणतेस, 'फळं फसवतात.'

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसासाठी घागर भरायची, वर डांगर, आपल्याकडचं खरबूज, ठेवायचं. आईची घागर तूच भरणार होतीस. आदल्या दिवशी तू विचारलंस, 'ताईंना काय आवडायचं?' मी म्हणाले, 'कवठ.' तुझ्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द. वैशाखात कवठ कुठलं? संध्याकाळी तू दोन बेलफळं आणलीस, पानांसकट.

'हे कवठ नाही.'

'नाहीच. पण कवठाच्याच घरचं आहे. पान उजेडात धर.'

पानात उजेडाचे बारीक ठिपके होते. मग तू लिंबाचं पान दिलंस. तसेच ठिपके. तेही त्याच घरचं. मी किती वेळ खिडकीशी उभी होते कोण जाणे.

सकाळी एरंडोलची आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'घागरवर डांगर ठेवतस, ओ माय. बेलफळ कोन ठेवस?'

'डांगरही ठेवते, अक्का. पण ताईंना कवठाच्या घरचं आवडायचं.'

'दखा! मरेल मानूसले बी हाई कूळ इचारस!' मेलेल्या माणसालाही ही कूळ विचारते म्हणून आत्या हसली, आणि तिनेच आंबे सरकवून घागरीजवळ जागा केली.

दुसरं फळ तू उंबऱ्यावर आपटून फोडलंस. चिकट, केशरी गर. गूळ घातलास. मी खाल्लं, आणि घाबरून आईला आठवून पाहिलं. ती होती.

आता तूही जाऊन कितीतरी वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकायचंही नाही. पण एक लिहून ठेवते. डोळे मिटले की आई उंबऱ्यावर बसलेली दिसते. कवठ फोडते, गुळात कालवते, माझ्यापुढे हात करते. त्या हाताला काळ्या पट्ट्याचं घड्याळ आहे. घड्याळ तू घालायचीस. आईकडे घड्याळ नव्हतं. मला ते पहिल्यापासून माहीत आहे.