चौऱ्यांशी किलोचा बोर्ड

११ जुलै
रोवणी सुरू. दिवसभर चिखलात. दुपारी अण्णाचा फोन, कर्नाटकातून. बोर्ड बनवणारा अण्णा. लांब बोर्डाचा फोम आला म्हणे, एकच. बाकीचे बुक झाले. जुन्या चालीचा बनवू, मागं एकच पंख, वरून फायबरची काच जड, कडा गोल. चार वर्षं झाली, मी अन् सुजाता सर्फिंगच्या शाळेचे बोर्ड घासून राहिलो. नवरा-बायको दोघंही मास्तर, अन् आपला म्हणून एक बोर्ड नाही. पावसाळ्यात समुद्र बंद झाला का घरी येऊन धान लावाचं.
म्हटलं, दोघांचा बनव. हासला. "प्रमोद, बोर्ड पे दो लोग का वजन नहीं आता. एक का बोल."
सु. बाजूच्याच धानाच्या बांधीत होती. तिले सांगतलं, फोम आला. वजनाचं नाही सांगतलं.

१४ जुलै
सु. बांधीच्या धुऱ्यावरून चालून राहिली होती. डोक्यावर पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंढी अन् पाय आडवे, एकापुढं एक टाकत, बोर्डाच्या नाकाकडे, पुढच्या टोकाकडे जातो तसे. धुरा ओला, एक बार सटकली नाही. रोवणाऱ्या बाया हासून हासून बेजार. शेवंतामावशी ओरडली, "काय वं सुजाता, नाचाले आली का धान लावाले?" ही म्हणे, "दोन्हीले, मावशी." माय अशी पाहून राहिली का जशी पोरगी तिनंच पैदा केली.
हे चालणं तिले मी शिकवलं. ते कोणी नाही म्हणत. पहिल्या महिन्यात गुडघाभर पाण्यात भीत होती, कंबर धरून मी उभी केली. आता टोकावर जाऊन पाच बोटं बाहेर काढते. तिचा फोटो शाळेच्या भिंतीवर आहे. त्या फोटोत मी बी आहो. कोपर आहे माहं.
जेवताना तिले म्हटलं, चालताना पाय वाकडे दिसतात तुहे. खोटं. तिनं पायाकडे पाह्यलं. मले बरं वाटलं.

१९ जुलै
पाणी थांबत नाही. कामाले सुट्टी, म्हणून बोर्डावर भांडण.
तिले नाकावर जाणारा पाहिजे. नाक रुंद, खालून खोलगट. शेपूट रुंद अन् जरा वर उचललेली, म्हणजे लाटेचं पाणी शेपटीवर चढून दाबून धरते अन् माणूस टोकावर उभा राहू शकते. मले सरकणारा पाहिजे. खालून सपाट, मधात रुंद. एका जागी उभं राहा अन् लाटेच्या अंगानं आरामात जा. त्याच्यातही कला आहे, पण ती फोटोत येत नाही.
म्हटलं, "नाकावर जाऊन काय भेटते? चार सेकंद."
"तुले काय माहीत किती सेकंद?"
माय आत होती म्हणून हळू बोलली. पण बोलली.
हे तिलेच माहीत आहे. चार वर्षांत मी एकदाही टोकावर गेलो नाही. तीन पावलं झाली का नाक बुडते अन् मी समुद्रात. पाहुणे विचारतात, "सर, आप नहीं करते?" त सु. मधात पडते. "सर पहले बहुत करते थे, अभी घुटना खराब है." गुडघा ठणठणीत आहे माहा. दर खेपेले ती मले वाचवते अन् दर खेपेले तिचा राग येते. वाचवलं नसतं त एवढा आला नसता.

२३ जुलै
मोठेबाबाकडे, बाच्या मोठ्या भावाकडे गेलो, मासोळी आणाले. बोडीवर, गावच्या तळ्यावर नवा डोंगा उतरवून राहिले होते. आमच्या घरची रीत आहे. डोंगा पाण्यात टाकला का घरातला सगळ्यात जड माणूस पयले बसवाचा. तो तरला त घर तरलं. मोठेबाबा म्हणे, "बस गा प्रमोद, आता तूच जड." बसलो. तरला. पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या.
मले उत्तर भेटलं. जड माणसाच्या मापानं बनवाचं. हलका त तरतेच.
बोर्ड म्हणजे डोंगा नाही, हे का मले कळत नाही? मोठ्या बोर्डावर हलकं माणूस तरते, पण बोर्ड त्याचं ऐकत नाही. कड पाण्यात बसत नाही, वळत नाही. सारं माहीत असून मी रीत धरली. सोयीची होती.

२४ जुलै
अण्णाले लिवलं: वजन ८४. नऊ फूट आठ इंच. नाक साधं, खालून खोलगट नको. सरकणारा.
सु.नं विचारलं, "कोणाचं वजन टाकलं?"
"तुहं. एक्कावन."
माय घरात असून सु. माह्या गळ्यात पडली. "नऊ फूट तीन?" नऊ-तीन. "नाक खोलगट?" खोलगट. "शेपूट रुंद?" रुंद. ती विचारत गेली, मी हो म्हणत गेलो. एवढी खुश मी तिले लग्नातही पाह्यली नव्हती. लग्नात त दोन्ही घरचे तोंड फुगवून होते, खुश कायची राहते.

३० जुलै
आज उघाड. सु.नं अंगणात चुन्यानं बोर्ड काढला. पुरा, नऊ-तीनचा, मायची ब्लाउज शिवाची टेप लावून. मंग त्याच्यावर चालून राहिली, टोकावर गेली का बोटं रेघेच्या बाहेर. शेजारचे पोट्टे रांग लावून. माय बी! लुगडं खोचून तीन पावलं गेली अन् "वं माय, पडली वं" म्हणत खालीच बसली. हासणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.
मी गाडी काढली अन् रेघेवरून नेली. बाजूनं जागा होती.
परत आलो त नवी रेघ काढलेली. मायले सांगत होती, "चुकून गेली असन." तेव्हा भांडली असती त मी सारं सांगून टाकलं असतं. असं आता लिवून राहिलो. नसतं सांगतलं.

९ ऑगस्ट
लाखांदूरले गेलो होतो खतासाठी. फोन घरीच, चार्जिंगले. आलो त सु. ओट्यावर तांदूळ निवडून राहिली.
"अण्णाचा फोन होता. म्हणे, प्रमोद को बोलो, उसका चौरासी के हिसाब से काट दिया, मस्त निकला."
हात थांबला नाही तिचा. मी उभाच. काही म्हणन, काही फेकून मारन, वाट पाहत होतो. तिनं पान वाढलं. भात, वरण, वरून पुन्हा भात. मी उठाले गेलो त अजून एक पळी.
"बस झालं न."
"घ्या न. वजन कमी होऊन जाईल."
माय म्हणे, पाह्य, कशी काळजी करते.

१० ऑगस्ट
सकाळी पोहे दोनदा. दुपारी तीन पोळ्यांवर चौथी. मायसमोर मले तुम्ही म्हणते, आज त लयच गोड. "घ्या न. चौऱ्यांशीचे ब्याऐंशी झाले त बोर्ड वाया जाईल." गळ्याखाली उतरत नाही. नको म्हटलं त माय विचारन काहून. खाल्लं.
एकटी सापडली तवा म्हटलं, सुजाता, चुकलं. म्हणे, "काय चुकलं? तूच जड आहेस घरात." मोठेबाबाच्या डोंग्याचं तिले कोणी सांगतलं, काय माहीत.

१३ ऑगस्ट
सु. वरठीले गेली, माहेरी. दोन दिवस घास गोड लागला. आज सासरेबुवांचा फोन. लोखंडाच्या कारखान्यात जन्म गेला, फोनवरही ओरडूनच बोलतात. "जयभीम जावई! जेवले का? किती जेवले? सुजातानं विचाराले सांगतलं." मागं तिचं हासणं. बापाले काही माहीत नाही, बिचारा खरंच काळजीनं विचारून राहिला होता. एवढं कमी जेवलो, सांगाची लाज वाटली. भरपूर म्हटलं.

१८ ऑगस्ट
आली परवा. आज बोडीवर सारे जमले. मोठेबाबाच्या नातीनं विचारलं, "काका, तुमी समुद्रात बोर्डाच्या टोकावर उभे राहता का?" मी तोंड उघडाच्या आत सु. बोलली.
"नाही वं बाई. ह्यायले येत नाही. चार वर्षं झाली, एकदा बी गेले नाही. गुडघाबी चांगला आहे ह्यायचा."
कोणी हासलं नाही. हासले असते त मी बी हासलो असतो, गेलं असतं. मोठेबाबा जाळं झटकत बसले. मायनं पदर तोंडाले लावला.
घरी येऊन मी तोंड सोडलं. म्हटलं, मी नसतो त वरठीच्या कोणत्या दुकानात बिलं फाडत बसली असतीस. हे बोलाले नको होतं, पण जिभेले हाड नाही.
ती म्हणे, "हो न. अन् मी नसती त शाळेनं तुले पहिल्याच वर्षी हाकललं असतं. मालकानं मले विचारलं होतं, नवऱ्याले ठेवू का काढू. मी म्हटलं ठेवा, मी बी राहीन."
चार वर्षं पोटात ठेवलं हे. भांडणासाठी नव्हतं ठेवलं, मले माहीत आहे. आज मी काढाले लावलं.

२२ ऑगस्ट
उद्या पोळा. बैल आमच्याकडे नाही आता, पण माय पुरण शिजवून राहिली.
अण्णाचा फोन. काच लावाची बाकी आहे. फोम कापता येते, जोडता येत नाही, एकदा काच बसली का संपलं. म्हणजे अजून नऊ-आठचा नऊ-तीन होऊ शकते. नाक खालून कोरता येते. सारं होऊ शकते.
धावत घरात आलो. सु. चुलीपाशी. मायसमोरच म्हटलं, अण्णाले सांगतो, तुह्या वजनावर काप म्हणून. एक्कावन. आत्ताच सांगतो.
"नको," म्हणाली.
"काहून?"
"माह्या मापाच्या बोर्डाच्या टोकावर गेली त तू म्हणशील, बोर्ड चांगला होता. तुह्याच बोर्डावर जाईन मी. पडीन, उठीन, पुन्हा पडीन. जाईन पण. अन् तू किनाऱ्यावर उभा राहून पाहाचं."
मायसमोर पहिल्यांदा मले तू म्हणाली.
"लागन तुले. जड आहे तो. डोक्यात बसला त..."
"त लोकायले सांग, गुडघा दुखून राहिला तिचा."
हे ऐकून मले रडूच आलं. तिले नाही आलं.
बाहेर ओट्यावर आलो. ती म्हणते तसंच राहू देलं त तो माहाच बोर्ड, अन् दर दिवशी तिले त्याच्यावरून पडताना पाहाचं. लपून कापाले सांगतलं त दुसऱ्यांदा फसवलं. तिसरं काही सुचत नाही.
अण्णाचा मेसेज आला: कल काँच लगाता हूँ. फाइनल?
सु. कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. माह्या खांद्यावरून फोन पाहून राहिली होती.
"लिव," म्हणाली. "ह्या खेपेले मी पाहून राहिली."