डाव्या पेटीतलं वजन

१८ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

लिहितो लिहितो म्हणत हे पत्र इतकं लांबवलं, की आता कुठल्या तोंडाने सुरुवात करू तेच कळत नाही. कागद केव्हाच आणून ठेवले होते. त्यातल्या एकावर चहाचा कप ठेवला, एकाने चेनचं तेल पुसलं, एकावर या गावचा नदीकडचा रस्ता काढला. छान रस्ता आहे, सगळा वळणांचा, पण ते नंतर.

फोन का करत नाही म्हणशील. फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि बाबा शेजारच्या खुर्चीत असतात. ते काही बोलत नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं मला इथपर्यंत ऐकू येतं. म्हणून पत्र.

मी बरा आहे. खोकला गेला. भाऊजींना सांग, त्यांचा स्वेटर फार उपयोगी पडला. एका बाहीला ग्रीस लागलंय हे सांगू नकोस. एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खाली दिवसभर खिळे, साखळ्या, पत्रे यांचा खणखणाट असतो. दुकान चालवतात त्यांना सगळं गाव काकू म्हणतं, म्हणून मीही म्हणतो.

आता तुझा प्रश्न. प्रत्येक पत्रात शेवटी तू तोच विचारतेस आणि मी उत्तरात हवापाणी लिहितो. गाडी विकली का?

नाही विकली, ताई.

गिऱ्हाईक आलं होतं, खरंच आलं होतं. दाताचे डॉक्टर. माणूस सभ्य. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "दिसायला अगदीच साधी आहे हो." मी म्हटलं, "साधीच आहे." "पळते किती?" मी म्हटलं, "पुरेशी." मग सांगितलं की माझे वडील दुकानांचे वजनकाटे जुळवायला गावोगाव फिरायचे, ते सगळं आयुष्य हिच्यावरच. त्यांनी टाकी हाताने चाचपली, वाऱ्याच्या काचेवरचे ओरखडे बघितले आणि एक फेरी मारून येतो म्हणाले. मला वाटलं लगेच परत येतील. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा हेल्मेट काढून नुसते उभे राहिले. "हिच्यात काहीतरी आहे," म्हणाले, "पण नेमकं बोट ठेवता येत नाही." आणि खिशात हात घातला. मी म्हटलं, "डॉक्टर, माफ करा, चावी घरी राहिली."

चावी गाडीलाच होती. त्यांनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि हसून निघून गेले. दात मात्र दाखवून घे म्हणाले.

त्यांना जे सांगता आलं नाही ते मला तरी कुठे येतं! पण सलग चालवून थोडंफार कळायला लागलंय. पेट्रोल पंपावर पोरं भेटतात, त्यांच्या गाड्या म्हणजे नुसती विमानं. टाकीवर पालथं झोपून चालवायच्या. हिला बघून म्हणतात, "काय रे, काकांची आणलीस का?" दुपारी तीच पोरं पुढच्या टपरीवर कंबर धरून बसलेली असतात. दुसरीकडे ते मोठे रणगाडे, ज्यांना वळवायचं तर गावाची परवानगी काढावी लागते. ही या दोहोंच्या मधली. हँडल हाताला सहज येतं, पाठ ताठ राहते, पण वळण आलं की नुसती मान तिकडे वळवायचा अवकाश, ही आधीच झुकलेली असते. दोन सिलिंडर, समोर दोन गोल तबकड्या, बस. मधल्या वेगात एक अशी जागा येते की इंजिनाची थरथर थांबते आणि नुसता गुणगुणल्यासारखा आवाज राहतो. तिथे मग तास गेलेले कळत नाहीत. बाबा म्हणायचे आठवतं? "गाडी अशी हवी, की आपलं लक्ष गाडीकडे जाऊच नये, रस्त्याकडे जावं." तेव्हा मला वाटायचं, नवी घ्यायची नाही म्हणून असं बोलतात.

शाळेत माझं चित्त कधी लागलं नाही, कुठल्या नोकरीतही नाही. घरात तुम्ही मला भिंगरी म्हणायचात ते काही उगाच नाही. हिच्यावर मात्र लागतं. असो, भरकटलो.

झालं असं, की डॉक्टरांना परत पाठवल्यावर घरी यायचं सोडून मी तसाच पुढे निघालो. कुठे असं ठरवलं नव्हतं. पण पहिल्याच गावात चौकातून जाताना एका वाण्याने दुकानातून हाक मारली, "मास्तर! अहो काटेमास्तर!" आवाज ओळखला त्याने गाडीचा. मी हेल्मेट काढलं तर त्याचा चेहरा पडला. "मास्तर नाहीत?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला." पुढच्या गावात तेच, त्याच्या पुढेही तेच. लोक आवाज ऐकून काटे बाहेर काढून ठेवतात, ताई. एका बेकरीवाल्याने मला बघून काटा परत आत नेला. आणि सगळ्यांना मी एकच सांगतो, पुढच्या खेपेला. बाबांना झटका आला, डावा हात गेला, हे एकालाही सांगितलं नाही. जीभ वळत नाही.

काकूंच्या बाबतीत मात्र शहाणपणा नडला. त्यांचा घड्याळासारखा तबकडीचा काटा पुढे पळत होता. "तू मास्तरांचा मुलगा ना? मग जुळवून दे की." बाबांना मी शेकडो वेळा बघितलंय, मला वाटलं, त्यात काय एवढं! गाडीला मागे दोन बाजूंना पेट्या आहेत ना, त्यातल्या डाव्या पेटीतून पाच किलोचं वजन काढलं, काट्यावर ठेवलं, सुई पाचावर येईपर्यंत मागचा स्क्रू फिरवला. काकूंनी चहा पाजला. मी शीळ घालत वर आलो.

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि त्याने खिळ्यांची पिशवी गल्ल्यावर आदळली. "काकू, तुम्हीसुद्धा?" काकूंचं तोंड पांढरं पडलं. त्याच्या पिशवीत चांगली मूठभर तूट निघाली. दिवसभर काकू ज्याच्या त्याच्या दारात जाऊन भरपाई करत होत्या. संध्याकाळी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझ्या दुकानात आजवर कधी काटा मारला गेला नव्हता," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना फोन लावते." मी हातापाया पडून नको म्हटलं. "का? तुझ्या बापाशी बोलायची मला चोरी आहे का?" तेव्हा सांगावं लागलं. झटका, हात, खुर्ची, सगळं. त्यांनी काटा कपड्याने झाकला आणि म्हणाल्या, "मग आता याला हात लावू नये कुणी."

मी ते वजन वर खोलीत आणलं आणि निरखून बघितलं. ताई, ते वजन नव्हतंच. म्हणजे वरून छाप पाचाचाच, पण बाबांनी खालून कोरून आतलं शिसं काढलेलं, आणि कडेला कानशीने एक खाच केलेली. मला काही उलगडा होईना. बाबा आणि खोटं वजन? तुला सांगतो, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते पेटीत न ठेवताच नदीकडच्या रस्त्याला निघालो, तर गाडी सारखी उजवीकडे ओढायला लागली. उजव्या पेटीत हत्यारांची गुंडाळी असते ना! परत आलो, ते वजन डाव्या पेटीत टाकलं, पुन्हा निघालो. सरळ. हँडलवरचे हात उचलले तरी सुतासारखी सरळ.

कळलं का तुला? ते दुकानासाठी नव्हतंच कधी. हत्यारांच्या बरोबरीने यावं म्हणून बाबा ते थोडं थोडं कोरत गेले असतील, फेरी मारून बघत असतील, परत कोरत असतील. खाच केली ती चुकून दुकानात वापरलं जाऊ नये म्हणून. साऱ्या जगाचे काटे जुळवणाऱ्या माणसाने गाडीलाही काटाच मानलं होतं. आणि मी सख्खा मुलगा, मलाच ते माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून गाडीच्या मागे लागलोय. चेन धुतली, आरसे घट्ट केले. मागचे फुटरेस्ट उघडत नव्हते. कसे उघडणार? ते कधी कुणी उघडलेच नव्हते. मागच्या सीटवर कायम लाकडी खोकं बांधलेलं. आई गेली तोवर माहेरी बसनेच जायची, आठवतं ना? बाबा म्हणायचे, "मागे सामान बसतं, माणूस नाही." चिखल बसून दगड झाला होता. रॉकेल सोडलं, तेल सोडलं, हातोडीचा दांडा लावला, तेव्हा कुठे हलले. आता बोटाने उघडतात.

तुला वाटेल, आला भिंगरीला कोणीतरी जोडीदार, पोरगी सापडली वाटतं. काकूंनाही तेच वाटलं. "कोण आहे रे ती?" म्हणून दोन दिवस छळलं मला. मी लाजलोसुद्धा, उगाच.

लाकडी खोकं काढून टाकलं. सीटचा फोम बसला होता, तो बदलला, आणि पाठीला टेकायला मागे एक लोखंडी कमान वेल्डिंग करून घेतली. डाव्या बाजूला धरायला लागू नये, अशी. आता फक्त मागच्या शॉकअपची कडी तेवढी राहिली आहे. मागच्या माणसाच्या वजनाप्रमाणे ती आवळायची असते, कमी आवळली तर गाडी मागे बसते, जास्त आवळली तर खड्ड्यात माणूस उडतो. तेवढ्यासाठी काम अडलंय.

ताई, बाबांचं वजन आता किती असेल?

तू लिहिलंस की कपडे अंगावर लोंबतात. म्हणून मी कडी एक घर मागे घेतली. मग वाटलं, इतके कसे उतरतील, आणि पुन्हा पुढे घेतली. दोन दिवस हेच चाललंय.

तू म्हणशील, वेडा झालास का. भाऊजींच्या स्कूटरवर बसायला नको म्हणून जो माणूस तसल्या पायाने दवाखान्यात चालत जातो, तो तुझ्या मागे बसेल? माहीत आहे मला. झटक्यानंतर ते पुन्हा चढले आणि गाडी फाटकापाशी पडली तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस, तू फक्त आवाज ऐकलास. मी समोर होतो. क्लच दाबायला हात मिटलाच नाही त्यांचा. पाय गाडीखाली होता, तरी ते मला म्हणाले, "आधी पेट्रोल बंद कर." मी उचललं त्यांना, कपडे झटकले. चावी मी मागितली नव्हती, ताई. त्यांनीच काढली आणि डाव्या हाताने द्यायला गेले, ती पडली. मग वाकून उजव्या हाताने उचलली, पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. तू म्हणालीस विकून टाक, म्हणजे पुन्हा चढणार नाहीत. तुझं चुकलं नाही. पण त्या दिवसापासून दवाखाना सोडला तर ते खुर्चीतून उठत नाहीत असं तू लिहितेस, आणि इकडे गावोगाव लोक काटे घेऊन त्यांची वाट बघतायत. त्यांचा डावा हात गेला, डोळे गेलेले नाहीत. सुई कुठे थांबते ते त्यांना दिसतं. स्क्रू मी फिरवीन, ते सांगतील तेवढाच.

तेव्हा तू त्यांना विचार. मला विचारायचा धीर नाही. नाही म्हणाले तर मी गाडी डॉक्टरांना देईन, शब्द देतो, चावीसकट. पण विचारताना "मागे बसा" असं म्हणू नकोस. दुसरं काहीतरी शोध. तुला शब्द सापडतात.

काकू हाक मारतायत, पत्र्याची गाडी आली. उरलेलं उद्या.

बुधवार

उरलेलं काय ते आता लिहायची गरज राहिली नाही बहुतेक. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मी खिडकीत बसून पाकिटावर तुझा पत्ता लिहीत होतो. समोर बस थांबली. खाली काकूंचा आवाज आला, "या मास्तर, फार वाट बघायला लावलीत." मला वाटलं आणखी कोणी मास्तर असतील. वाकून बघितलं तर बाबा. उजव्या हातात त्यांचं जुनं हेल्मेट, त्यातच घडी करून ठेवलेला सदरा. मी नको म्हटल्यावरही काकूंनी फोन केला होता तर! तुला न सांगता निघाले असतील, तू गल्लीभर शोधत असशील. घाबरू नकोस, इथे आहेत. खाली गेल्यावर आधी तुला फोन करतो, पण त्यांच्यासमोर काही विचारू नकोस. हे पत्र मात्र टाकतोच, कारण यातलं एक अक्षरही मला तोंडाने सांगता येणार नाही.

अजून दुकानात शिरले नाहीत. गाडीपाशी उभे आहेत. डावी पेटी उघडून आत हात घातला, वजन चाचपलं, पेटी बंद केली. लोखंडी कमान बघितली. मागच्या सीटवर तळहात ठेवून जोरात दाबलं, मागचा भाग किती खाली बसतो ते बघितलं, आणि मान हलवली. कडी चुकली असणार माझी.

आता बुटाच्या टोकाने ते मागचा फुटरेस्ट उघडतायत. आवाजसुद्धा नाही झाला. वर खिडकीकडे बघितलं त्यांनी.

चाललो, ताई. ते वाट बघतायत.

तुझा,
भिंगरी