कपबशी, पंखा आणि गृहयुद्ध

बाई,

मागच्या आठवड्यात मी भर सभागृहात एकटीच हसत सुटले, आणि त्याला कारण तुम्ही आहात. महानगरपालिकेची निवडणूक आली की आम्हा बँकवाल्यांना मतदान केंद्रावर जुंपतात, त्याचं प्रशिक्षण होतं. पुढे एक साहेब मतदान यंत्र उघडून दाखवत होते आणि हातोहात एक कागद फिरत होता, अपक्ष उमेदवारांना मिळणाऱ्या चिन्हांचा. त्यावर तिसऱ्या ओळीत कपबशी होती, आणि तिला अगदी खेटून पंखा. मला आवरेचना. साहेब थांबले आणि त्यांनी विचारलं, "बेन, आमां हसवा जेवुं शुं छे?" मी ओढणी तोंडाला लावून नुसती मान हलवली. यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना सांगायला माझी अख्खी आठवी सांगावी लागली असती. ती तुम्हाला ठाऊक आहे, तरी आज पुन्हा सांगते, कारण तुमच्या सांगण्यात एक गोष्ट नेहमी राहून जायची.

आम्ही तेव्हा सुरतेत, पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत राहत होतो. अप्पा डाईंग मिलमध्ये होते आणि आई घरी बसून साड्यांना लेस लावायची. कुणाचं गटार तुंबलं, कुणाचं रेशनकार्डावरचं नाव चुकलं की माणसं अप्पांकडे यायची, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि लिहिलेला अर्ज स्वतः कचेरीत नेऊन देण्याची त्यांना भारी हौस होती. तीन घरं सोडून मामा राहायचे, आईचे थोरले भाऊ. त्यांनीच आम्हाला धुळ्याकडच्या गावाहून सुरतेला आणलं, अप्पांना मिलमध्ये चिकटवलं आणि पहिली दोन वर्षं आम्हाला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. मामांचा आवाज मोठा आणि मिशा त्याहून मोठ्या. दर गणपतीत बॅनरवर स्वतःच्या फोटोखाली ते 'भावी नगरसेवक' असं छापून घ्यायचे, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, अप्पांना तर नाहीच.

निवडणूक लागली तेव्हा मामांनी अर्ज भरला, आणि गल्लीतल्या चार जणांनी आग्रह केला म्हणून अप्पांनीही अर्ज भरला. शेवटच्या दिवशी तो मागे घ्यायचा आणि मामांना पेढा भरवायचा असं त्यांच्या मनात होतं. पण आदल्या दिवशी मामा पानाच्या टपरीवर म्हणाले की, याला शहरात चपला घालायला मी शिकवलं, हा काय उभा राहतो. ते वाक्य अप्पा घरी पोचायच्या आधी आमच्या घरी पोचलं. अप्पांनी अर्ज मागे घेतला नाही. मग चिन्हं वाटली गेली. अप्पांना कपबशी मिळाली आणि मामांना पंखा.

सुरुवातीला मला तर नुसती मजा वाटत होती. अप्पा रोज दाढी करू लागले, इस्त्रीचा सदरा घालू लागले, दिसेल त्याला हात जोडू लागले. एकदा केस विंचरताना आरशातल्या स्वतःलाही त्यांनी चुकून नमस्कार केलेला मी पाहिला. आणि मग एका संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं. शत्रूचं चिन्ह आपल्या घरात फिरणार नाही म्हणाले. फेब्रुवारीतले सुरतेचे डास तुम्ही जाणता. आमचे उमेदवार एका हाताने जेवायचे आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचे. आईने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने सगळ्या कपबश्या धुऊन पुसून सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिल्या आणि अप्पांपुढे स्टीलच्या पेल्यातला चहा आदळला. "मना भाऊना पंखा बंद, तं तुमनी कपबशी बी बंद," एवढंच म्हणाली. पेला इतका तापलेला असायचा की अप्पा तो सदऱ्याच्या टोकाने धरायचे, आणि प्रचाराला निघताना सदऱ्यावर चहाचा डाग असायचाच.

मग मजा संपली. आई आणि अप्पा एकमेकांशी बोलेनात, निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. मामा आमच्या दारावरून जाताना मान फिरवायचे. एका दुपारी लेस लावता लावता आई माझ्याशी बोलल्यासारखं, पण स्वतःशीच म्हणाली, "एक मना भाऊ, एक मना घरवाला. निकाल लागना का मी गावले निंघी जासू. मंग बठा दोन्ही खुर्चीवर." खाटेखाली एक कापडी पिशवी आली होती. मी शाळेतून आले की ती उघडून बघायची. आधी दोन लुगडी होती. मग पोलकी आली. एका दिवशी तिचा रोजचा कंगवा त्यात दिसला, आणि मी पिशवी तशीच पुन्हा खाटेखाली सारली. लुगडी कुणीही रागाच्या भरात भरतं, पण कंगवा नाही. आई खरंच चालली होती, आणि गल्लीतल्या कुणाला सांगावं तर तो एक तर कपबशीवाला असायचा नाही तर पंखेवाला.

शाळेत त्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला गृहयुद्ध शिकवत होता. तुमची साडी नेहमी कडक, मराठी पुस्तकातल्यासारखी, आणि आम्ही अर्धे अहिराणी, अर्धे गुजराती. फळ्यावर तुम्ही दूरच्या कुठल्याशा देशाचा नकाशा काढलात, मधोमध रेघ मारलीत, आणि त्या देशाच्या अध्यक्षाची गोष्ट सांगितलीत. एकाच आईची दोन मुलं दोन सैन्यांत गेली होती म्हणालात. आपल्याकडचा जुना शब्द यादवी, आणि ते यादव आपसात लढून संपले तो किनारा इथून फार लांब नाही, याच गुजरातेत आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. दोन तास शिकवलंत. मग चाचणीत पाच गुणांचा प्रश्न घातलात: गृहयुद्धाच्या काळात राजकीय नेत्याचे जीवन कसे असते, ते आपल्या शब्दांत लिहा.

मी आपल्याच शब्दांत लिहिलं. गृहयुद्धाच्या काळात नेत्याचे जीवन फार हलाखीचे असते. त्याला डास चावतात. त्याला पेल्यातून चहा प्यावा लागत असल्यामुळे त्याचे ओठ भाजतात व भाषण नीट करता येत नाही. शत्रुपक्षाच्या नेत्याला मोठ्या मिशा असतात, पण तो मनाने वाईट नसतो. नेत्याची पत्नी ही शत्रूची बहीण असल्यामुळे तिला कोणत्याच बाजूला जाता येत नाही. म्हणून निकालाच्या दिवशी ती गावी जाणार आहे. तिने कंगवा पिशवीत ठेवला आहे.

तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत. पेपरावर लाल शाईत शून्य होतं, वाटोळं, सुबक. माझ्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं. "गृहयुद्ध म्हणजे एकाच देशातल्या माणसांनी एकमेकांशी केलेलं युद्ध. घरातलं भांडण नव्हे. दोन तास घसा कोरडा केला मी, आणि वर्गातली हुशार मुलगी असा अर्थ लावते?" बाकीच्या बाई हसल्या. तुम्ही पेपर घडी करून पर्समध्ये टाकलात आणि दारापर्यंत माझ्यासोबत आलात. तिथे आवाज उतरवून विचारलंत, "कंगवा अजून पिशवीतच आहे का गं?" मी हो म्हटलं.

मतदानाच्या आधीच्या रविवारी सकाळी तुम्ही आमच्या दारात उभ्या. अप्पांनी सवयीने हात जोडले आणि तुमच्या हातात पत्रक दिलं. तुम्ही ते नीट वाचलंत, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलंत आणि खाटेवर बसलात. मग पदराने वारा घेत म्हणालात, केवढं उकडतंय, पंखा लावता का जरा. अप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग वर पंख्याकडे. शाळेच्या बाई पहिल्यांदा घरी आलेल्या, नाही कसं म्हणणार? ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. दोन आठवड्यांची धूळ त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पडली. आई ओठ दाबत आत गेली आणि पेला घेऊन आली. तुम्ही पेल्याला हात लावला नाहीत. मला कपबशीशिवाय चहा जमत नाही हो, म्हणालात, आहे का घरात? आता अप्पा ओठ दाबायला लागले. आई स्टुलावर चढली आणि तिने कपबश्या खाली काढल्या.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. हिच्या अभ्यासाचं बोलायचं आहे, हिच्या मामांनाही बोलवा, म्हणालात. मामा आले. कितीतरी दिवसांनी ते आमच्या उंबऱ्याच्या आत होते आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते पंख्याकडे बघत बसले. सगळ्यांच्या हातात कपबशी आल्यावर तुम्ही पर्समधून माझा पेपर काढलात आणि वर्गात वाचता तसा मोठ्याने वाचायला घेतलात. डासांपाशी मामांना ठसका लागला. ओठ भाजतात म्हटल्यावर अप्पा इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा पुन्हा सदऱ्यावर सांडला. मिशांपाशी आईनेही तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. मग तुम्ही शेवटच्या ओळीवर आलात, आवाज न बदलता ती वाचलीत आणि कागद मिटलात.

अप्पा उठले, वाकून त्यांनी खाटेखालची पिशवी ओढली, आत हात घालून कंगवा काढला आणि आरशाच्या फळीवर, जिथे तो रोज असायचा, तिथे ठेवला. आई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मामांनी बशी तोंडाला लावून फुर्रकन सगळा चहा ओढला आणि म्हणाले, "चिन्ह काही वाईट नही तुमनं, दाजी." अप्पा म्हणाले, वाराही बरा लागतोय.

पुढचं तुम्ही रंगवून सांगायचात ते सगळं खरं आहे. अर्ज मागे घ्यायची वेळ टळून गेली होती, म्हणून दोघांनी मिळून एकच रिक्षा केली. एकच कर्णा, सकाळी त्यातून कपबशीला मत मागायचे आणि दुपारी पंख्याला. अप्पांचा आवाज बसला तेव्हा कपबशीचा प्रचार मामांनी केला, आणि तो अप्पांपेक्षा चांगला झाला. दोघेही पडले. निवडून आला तो तिसराच, त्याचं चिन्ह आता आमच्यापैकी कुणालाही आठवत नाही. निकालाच्या दिवशी दोघे पाटियावर जाऊन वाफवलेल्या डाळीचा गरम लोचो खाऊन आले आणि आमच्यासाठी पानात बांधूनही घेऊन आले. आई कुठेही गेली नाही. तिने मत कुणाला दिलं ते तिने आजवर सांगितलेलं नाही. त्या दिवशी प्रशिक्षणाहून आल्यावर मी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "तू अधिकारी शे ना? मत गुपित ऱ्हास, तुले माहीत पाहिजे." अप्पा आणि मामा ऐंशीच्या आसपास आलेत, मामांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, आणि दोघेही एकदम म्हणाले की ते मलाच मिळालं.

तुम्ही ती गोष्ट किती वर्षं सांगत होता. नव्या शिक्षकांना, पालकसभेत, आणि आमच्या दहावीच्या निरोप समारंभात तर माईकवरून. गृहयुद्धाचा अर्थ घरातलं भांडण असा लावणारी आमची विद्यार्थिनी, असं म्हणून तुम्ही मला एक शब्दकोश बक्षीस दिलात, आणि त्यात त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. सगळं सभागृह हसलं, मीही हसले. तुम्हाला इतकं खुश बघून मला फार आनंद व्हायचा, खरं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी हजीऱ्याच्या शाखेत नवी नवी लागले होते, रजा मिळाली नाही, आणि तेराव्याला तुमच्या घरी पोचले तेव्हा तुमच्या मुलाने दारात मला ओळखलं ते 'गृहयुद्धवाली ना?' असं म्हणून.

हे पत्र आता त्या शब्दकोशात, त्याच पानावर ठेवून देते. तिथून ते कुठे जाणार नाही. मध्यंतरी कितीदा वाटलं की तुम्हाला सांगून टाकावं, पण तुमची इतकी लाडकी गोष्ट मोडायचा धीर झाला नाही. बाई, तुम्ही दोन तास शिकवलेलं मला सगळं येत होतं. नकाशा, मधली रेघ, यादवी, त्या आईची दोन मुलं, सगळं. त्या शब्दाचा अर्थ मला पक्का माहीत होता. तुम्ही घरी याव्यात म्हणून मी तो चुकवला.