दारातला अनंत आणि आठ हात जमीन

मी, मथुरा काशीराम शिवलकर, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, मूळ राहणार मालगुंड, सध्या मुक्काम रत्नागिरी, मुलगा हरिश्चंद्र याच्या बिऱ्हाडी, तिसरा मजला, हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहवून घेते. मला अक्षर येत नाही, पण डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दाराला बाहेरून कुलूप आहे, एवढेच.

लिहून घेणारी शमीम होडेकर, खालच्या मजल्यावरची निवृत्त शिक्षिका. सून कामावर गेली की शमीम जिन्यात स्टूल टाकून बसते, मी आत खुर्चीवर, मध्ये जाळीचे दार. ती म्हणते, "मावशी, जरा मोठ्याने सांगा." मी म्हणते, "मोठ्याने सांगितलं तर अख्खा जिना वारस होईल गो."

एक. कुलपाबद्दल कोणी कोणावर राग धरू नये. माझा खुबा मोडला त्यावर मला इथे आणले, त्याला चार वर्षे झाली. एकदा गॅलरीतल्या झाडाला माती हवी म्हणून काठी घेऊन उतरू लागले ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर अडकले, दिवेलागणीला हरीने उचलून आणले. तेव्हापासून कुलूप. हरी म्हणतो, "आये, परत पडलीस तर?" माया आहे, मी नाही म्हणत नाही. पण गोठ्यातली म्हैससुद्धा दिवसातून एकदा बाहेर काढतात.

दोन. माझे यजमान काशीराम मालवाहू बोटीवर होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मालगुंडच्या घरासमोर अनंत लावला नि मला सांगितले, "हा फुलेस्तोवर येतो. कुंपणाबाहेर पडू नकोस." अनंत दोनदा फुलून गेला तेव्हा ते आले. मी कुंपणाबाहेर पडले नाही, कारण सासू माझी पावले मोजी. पुढे झाडाची पाने पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या. सासू म्हणाली, "हिच्या हाताला गुण नाही." शेजारची गंगुबाई कुंपणावरून म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं."

खरा प्रकार असा. गणपतीच्या आधी आमच्याकडे माडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे देतात. यजमानांनी कौतुकाने अनंतालाही पट्टा दिला आणि उरलेली चुन्याची निवळी त्याच्याच मुळात ओतली. अनंताला आंबट माती लागते, चुना त्याला विषासारखा. हे मला कोणी शिकवले नाही. रातांबे फोडून कोकमाचे आंबट हात मी ज्या बाजूला धुवायचे त्या बाजूची पाने हिरवी राहिली, तेव्हा कळले. मग वरची माती काढून नवी जांभ्याची माती घातली, होडीचे गंजके खिळे पुरले, वर्षभरात झाड काळेभोर हिरवे झाले. सासू म्हणाली, देवाची कृपा. तरी इथे पक्के लिहावे की हात माझा चांगला होता.

तीन. अंगण सपाट करताना हरीने ते जुने झाड तोडले. त्याआधी नात ईशाने त्याच्या फांदीला ओली माती बांधून, मुळे फुटवून, त्याची गुटी बांधली होती. ते रोप मी मांडीवर घेऊन रत्नागिरीला आले. आता ते गॅलरीत, लोखंडी जाळीमागे, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात आहे. मुळे पिंपाच्या भोकांतून बाहेर येतात, लादी चाचपतात नि वाळतात. बोअरिंगच्या चुनखडी पाण्याने पाने परत पिवळी झाली आहेत. या पावसाळ्यात जमिनीत गेले नाही तर पुढचा बघणार नाही. ते माझ्याबद्दलही म्हणता येईल, पण माझी गुटी कोणी बांधलेली नाही.

चार. ईशाने ध्यानात ठेवावे. खोड जितके मातीत होते तितकेच पुरावे, जास्त नाही. मुळाशी आंब्याचा पाला पसरावा. पाणी द्यावे, साचू देऊ नये. छाटायचे ते फुले संपल्यावर. कळ्या धरल्यावर झाड हलवले तर कळ्या गळतात. या वेळी हलवावे लागणार. गळल्या तर गळू देत.

पाच. पितळी हंडा नि विळी सुनेला. विळी पाजळून घ्यावी, जीभ तिची आहेच. गंगुबाई पन्नास वर्षे पहाटे कुंपणातून हात घालून माझे पहिले फूल चोरत आली. यापुढे रोजचे पहिले फूल तिला द्यावे. चोरीतली मजा गेली की बघू कशी माळते.

सहा. मालगुंडचे घर. हरीने गिऱ्हाईक आणले आहे, त्याला तिथे लॉज बांधायचे आहे. त्यासाठी घर हरीच्या नावावर व्हायला माझा अंगठा हवा. मी हरीला सांगितले, "आधी मृत्युपत्र. घर तुलाच लिहिते. पण अंगठा मालगुंडात देईन, अनंत दारासमोर लावून झाल्यावर." तो कबूल झाला. म्हणून घर हरीला देते. मात्र अनंत ज्या जागी लागेल ती, उंबऱ्यापासून बेड्यापर्यंतची, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंतची, आठ हात लांब-रुंद जमीन ईशाला देते. घरात शिरायची दुसरी वाट नाही.

सात. हे कलम मालगुंडात सांगते. हरीसकट चौघांनी मला खुर्चीसकट जिने उतरवले. फारुकच्या टेम्पोत मी पुढे, मागे पिंप धरून ईशा नि शमीम. कळ्या वाटेत गळल्या. गंगुबाई कुंपणाशी आली. "मथुरे, जिती हायस अजून?" म्हटले, "तुझा अंगठा साक्षीला हवा होता, म्हणून थांबले."

अनंत जमिनीत गेल्यावर शमीमने हे सगळे मोठ्याने वाचले. हरीच्या हातातली कुदळ थांबली. "आये, घर माझं नि वाट हिची? मग विकू कसा?" मी म्हटले, "ईशाला विचार. कुलूप लावायला तूच शिकवलंस रे बाबा." मग कुदळ ठेवून त्याने झाडाला तांब्याभर पाणी घातले.

फारुक विचारतो, परत कधी निघायचे. गंगुबाई सोबतीला निजायला येते म्हणते. भांडायला माणूस हवेच. तेव्हा परत जाण्याबद्दल या कागदात काही लिहू नये.

शमीम अंगठ्याची माती पुसून मग शाई लाव म्हणते. पुसत नाही.

निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची, मातीसकट: मथुरा काशीराम शिवलकर

साक्षीदार:
१. गंगुबाई, शेजारीण (अंगठा)
२. फारुक, टेम्पोवाला (सही)

लिहून, वाचून दाखवणार: शमीम होडेकर (सही)

ठिकाण: मालगुंड, घरासमोर, उघड्यावर
दिनांक: ५ जून २००३