उपवासाची साक्ष

प्रिय माय,

पत्र शुद्ध भाषेत लिहावं, असं शाळेत बाई शिकवत. पण तुझ्याशी शुद्ध बोलली तर तू म्हणशील, "हे कोन व आली पुन्याची?" म्हणून आपलं घरचंच बोलते.

आज शनिवार. उद्या पहाटे पुनरुत्थानाची उपासना. पाळकसाहेबांनी सांगतलं आहे, "रूथ, सगळ्या मंडळीपुढं उभी राह्य अन् आईच्या उपवासाची साक्ष दे." देवळात उभं राहून खोटं बोलता येत नाही. अन् खरं बोलली तर एका लेकुरवाळीचं घर सुटते. काय करू? तुले नाही तर कोणाले विचारू?

तू अन् उपवास! अवं, दरवर्षी पुनरुत्थानाआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की तू चहा सोडे, अन् चार दिवसांत चुलीवर गूळ, आलं अन् पत्ती उकळतच असे. मी विचारलं की म्हणे, "चहा कुठं? काढा हाय. खोकला झाला." खोकला औषधालेही नसे! बाबा होते तोवर तेही हसत. देव समजून घेते, हे तुझं ठरलेलं उत्तर.

यंदा विहिरींनी तळ दाखवला अन् सारं देऊळघाट पाझर तलावाच्या कामावर आलं. जमीनवाले, बिनजमीनवाले, बौद्धपुऱ्यातले, आपण, सगळे एकाच हजेरीत. तू खडी फोडायले, मी बांधाच्या दुसऱ्या अंगाले मातीच्या टोपल्या वाहायले. दुपारी सरकारची सुकडी मिळे. त्या गोड पिठावर दिवस निघे. अन् संध्याकाळी तू सांगे, "मी नाही खाल्ली. उपास हाय."

किती भांडली मी! "काऊन व माय? देवानं साऱ्या जिल्ह्यालेच उपास घातला, त्यात तुझा अजून कशाले?" तू पदरानं तोंड पुसलं. "गप व. येशूले रानात जमला, मले नाही जमत का?"

गालाची हाडं वर आली तुझी. मंडळीत मात्र वाहवा. पाळकसाहेब उपदेशात तुझं नाव घेत. मले राग ये, अन् खोटं कशाले बोलू, अभिमानही वाटे.

मग त्या दुपारी तुझ्या हातातला हातोडा पडला अन् तू खडीवर कलंडली. बैलगाडीतून बुलढाण्याले नेता नेता माझ्या मांडीवरच गेली. डाक्टर म्हणाले, पोटात अन्नाचा कण नव्हता. कण नव्हता, माय! मग सकाळी फडक्यात बांधून नेलेली रेशनच्या लाल ज्वारीची भाकर कुठं गेली?

मातीले आपल्या हजेरीतल्या सुभद्राकाकू आल्या होत्या. कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर उभ्या राहून सगळ्यांले ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई सोन्याची होती. तिच्या धरमानं मारलं तिले." मले राग आला. पण मलेही तेच वाटून राह्यलं होतं.

दोन दिवसांनी तुझा हातोडा आणायले कामावर गेली. बाभळीखाली काकूंची सून कमल बसली होती, झोळीत लेकरू. मले पाहून रडायलेच लागली.

"ताई, मावशी माह्यासाठी मेली वो. बाळंतपनानं हजेरीतून माहं नाव गेलं, तरी पुन्हा चढन म्हनून रोज इथं येऊन बसते. काम नाही तं सुकडी नाही. सासूबाई आपला वाटा बांधून घरी नेत, मामंजीसाठी. माहं दूध आटलं होतं. मावशी झोका द्यायच्या निमित्तानं ये अन् लेकराच्या उशाशी सुकडीची पुडी अन् आपली भाकर ठेवे. मी नको म्हनलं, तं म्हने, 'मले उपास हाय पोरी. खाल्लं तं पाप लागन. फेकून देऊ का?'"

वा व माय! घेणारी ओशाळू नये म्हणून थेट देवाचं नाव पुढं केलं! जिले चहा सोडवला नाही, तिनं हा उपवास केला.

कमलनं माझे पाय धरले. "कोनाले सांगू नका. सासूबाई म्हनतात, किरिस्तावाच्या हातचं खाल्लं की बाटलेल्यांच्या कागदावर नाव चढते. मले माहेरी धाडतीन. माहेरी तं प्याले पानी नाही."

तुले ठाऊक आहे ही हवा. परवा जीपगाडीतून आलेल्या पुढाऱ्यानंही ओट्यावर उभं राहून तेच सांगतलं, परदेशचा दाणा दाखवून गरिबाले बाटवून राह्यले म्हणे. मी उद्या खरं बोलली तर तो पुरावाच होईन. सुकडी देऊन पोर बाटवत होती, असंच तुझं नाव राहीन.

पण मले तर सांगायचं होतं! दोघींनी अर्धं अर्धं दिलं असतं, तू आज जिवंत असती. माझ्या तोंडचा घास वाचवला न? मी काय परकी होती? हा राग जात नाही माय, अन् देवापुढंही मी तो लपवत नाही.

उद्या पाळकसाहेब नाव पुकारतील. मी उठणार नाही. मंडळी म्हणन, पोरीचा विश्वास ढळला. गाव म्हणन, धरमानं मारलं. म्हणू दे. माझं काळीज जळन, पण त्या लेकराचं घर राहीन.

एक सांगायचं राह्यलंच. निघताना कमलनं खाली मान घालून विचारलं होतं, "ताई, तुमचा उपास कधी सुटते?" उद्याच सुटते, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

तुले शब्द देते. सोमवारी मी कामावर जाईन. अर्धी सुकडी मी स्वतः खाईन, तुझ्यासारखं मरायचं नाही मले. उरलेली अर्धी झोळीत ठेवीन. अन् तिनं विचारलं तर सांगीन, आमचा उपास यंदा पाऊस येईपर्यंत हाय.

तुझीच,
रूथ