बाईंचा आवाज

६ मे, पेण
दिवसभरात काय झालं ते मालक हैबतराव रोज संध्याकाळी फोनवर खोदून विचारतात, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. मी रोह्याच्या शाळेतून निवृत्त झाले आणि रामवाडीतल्या या गणपती कारखान्याची व्यवस्था हाती आली. जागा हवेशीर, बायका हसऱ्या. सरू मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. हात असा की बघत राहावं. सातवा महिना चालू आहे, तरी काम सोडत नाही.

१९ मे
कॅमेरा बसवला. फिरतो, बोलतोही. रविवारी रोह्याहून मोबाइलवर बघते, गप्पा दिसल्या की तिथूनच दटावते. बायजाबाई म्हणाली, "देवाला डोळे आम्ही द्यायचे नि आमच्यावर डोळा बाईंचा, व्हय?" सगळ्या हसल्या. मी नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

९ जून
काल रोह्यात लग्नाला होते, मोबाइल उघडलाही नाही. आज आले तर सरू दवाखान्यात. मी म्हणे कॅमेऱ्यातून तिला दिवसभर कान धरून उभं केलं. ती कोसळली. पोटातलं मूल वाचलं. कुणालाच शंका कशी आली नाही, असं मी ओरडले. बायजाबाई म्हणाली, "शंका कशाची? तुम्हीच बोलत व्हतात. रोजच्यासारख्या."

११ जून
सायबर पोलीस आले. असे हजारो कॅमेरे एका टोळीच्या ताब्यात आहेत, मालकांना पत्ताही नसतो, असं महिला फौजदार म्हणाल्या. पासवर्ड मी बदललाच नव्हता. माझं दटावणं साठवून त्यांनी हुबेहूब आवाज बनवला. माणसं छळली जाताना बघायला पैसे मोजणारे असतात. माग लागेपर्यंत कॅमेरा चालूच ठेवायचा.

१२ जून
मी सरकले की तो वळतो. बोलत नाही. ऐकतो —

१३ जून
फौजदारांनी दोन आवाज ऐकवले. एक माझा, एक टोळीचा. दुसरा ऐकवेना, इतका तुसडा. तोच खोटा, मी ठासून सांगितलं. त्यांनी मान खाली घातली.
तो माझा होता.

१४ जून
माग लागेना, म्हणून दुपारी पोलीस सगळं तपासायला घेऊन गेले. मागोमाग बायजाबाई धावत आली. सरू दवाखान्यातून निघाली म्हणे — मीच आत्ता फोनवर खडसावून बोलावलं म्हणून. माझा फोन तर —
रस्त्यावर गाठली. सरू, थांब, म्हणाले. एवढंच. ती थांबली. भर उन्हात, सगळ्यांदेखत, हात कानांकडे —
पोलिसांना दिलं : कॅमेरा, राउटर, मेमरी कार्ड, माझा मोबाइल. पावती मिळाली. आवाज मात्र —