अंगणच वाकडं निघालं

सूनबाई,

पाच वाजेपर्यंत ओव्हन लावू नकोस. मेकॅनिक येऊन गेला. आतली उष्णता मोजणारी कांडी बिघडलीय, नवी आणायला गेलाय. आपण एकशेऐंशीवर ठेवायचो आणि आत सव्वादोनशे व्हायचं म्हणे. दाराचं रबरही झिजलंय.

मला म्हणतो, "आजी, नऊ वर्षांचा ओव्हन, आता नवाच घ्या." म्हटलं, "मी बाहत्तर वर्षांची, मलाही बदलायला सांगशील का?" मग वाढीव वॉरंटीचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. इंग्रजी अडखळत वाचते, पण पुढच्या महिन्याची तारीख बरोबर वाचली. लगेच कांडीचा नंबर लिहून घेतला. कांडी वॉरंटीत बसते. रबर नाही बसत, झिजलेल्याला कोण विचारतो!

परवा तुझा केक करपला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तर अंगणच वाकडं निघालं. असल्या ओव्हनमधून सहा महिने तू नुसत्या वासावर केक काढलेस. मला नसतं जमलं. हे एकदाच लिहितेय, परत वदवून घेऊ नकोस.

केक बंद करते म्हणालीस, ते मी ऐकलेलं नाही. शनिवारच्या ऑर्डरचा फोन आला होता, मी हो म्हणून टाकलंय.

खालच्या शिंपीणबाईंकडे चाललेय. त्यांच्यापाशी तुझ्या नावानं बोटं मोडली होती, आता तिथंच बसून तुझं कौतुक करून येते. वेळ लागेल. बोटं बरीच मोडली होती.

सासू